मीटरवर मोजलेली नालेसफाई

मे महिना लागला की महाराष्ट्रातल्या बहुतेक महापालिकांमधून नालेसफाईचे आकडे येऊ लागतात. इतके मीटर नाला साफ झाला, इतके ट्रक गाळ निघाला, इतके टक्के काम उरले. जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत त्याच शहरांत चौक तुंबतात आणि लोकांचा आकड्यांवरचा विश्वास उडतो. आकडे खोटेच असतात असे नाही. नाला नव्वद टक्के उपसला, पण रस्त्याखालची एक मोरी बुजलेली राहिली, तर पाण्याच्या लेखी तो नाला बंदच असतो. ज्या महापालिकेकडे पैसा आणि यंत्रे दोन्ही बेताची, तिने म्हणूनच लांबीमागे धावू नये. पाणी अडते त्या मोजक्या जागा हेराव्यात आणि त्या वर्षभर, पुन:पुन्हा मोकळ्या कराव्यात. छत्रपती संभाजीनगरच्या गारखेडा परिसराला तर हे धोरण फारच लागू पडते.

गारखेडा मुळातले गाव. शहर वाढले तशा त्याच्या आसपासच्या शेतजमिनींवर वसाहती उभ्या राहिल्या आणि पावसाचे पाणी वाहून नेणारे ओहोळ घरांच्या, रस्त्यांच्या बेचक्यात आले. शहराच्या या बाजूला गुंठेवारीने वसलेला भागही मोठा आहे. अशा वसाहती नियमित करण्याचा कायदा 2001 मध्ये झाला, पण घरे आधी आणि गटारे नंतर हा क्रम तोवर पक्का झालेला होता. तरीही निसर्गाने या शहराला एक मोठी सवलत दिली आहे. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास वसलेल्या या शहराच्या पश्चिमेला खाम नदी आहे, पूर्वेला सुखना नदी आहे आणि जमिनीला उतार आहे. मुंबईत भरतीच्या वेळी नाल्यांची तोंडे समुद्र दाबून धरतो, म्हणून तिथे महागडी उदंचन केंद्रे बांधावी लागली. इथे वाट मोकळी असेल तर पाणी आपल्या पायाने निघून जाते.

ती वाट किती लवकर अरुंद होते, हे साध्या गणिताने कळते. एक हेक्टर वस्तीवर तासाभरात 50 मिलिमीटर पाऊस पडला तर 5 लाख लिटर पाणी होते, आणि काँक्रीट-डांबराच्या वस्तीत त्यातले फार थोडे जमिनीत मुरते. आता एक मीटर रुंद आणि एक मीटर खोल असा उघडा नाला घ्या. त्यात पाव मीटर गाळ बसला तर त्याची वहनक्षमता पाव भागाने नव्हे, सुमारे 30 टक्क्यांनी घटते. अर्धा मीटर गाळ बसला तर ती निम्म्याहूनही खाली, चाळीस टक्क्यांच्या आसपास येते. कारण पाण्याला जागा कमी मिळते आणि त्याचा वेगही मंदावतो. वेग मंदावला की आणखी गाळ बसतो. त्यामुळे अडचणीच्या जागी महिन्या-दोन महिन्यांनी काढलेला थोडा गाळ, वर्षातून एकदाच काढलेल्या ढिगाऱ्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

या जागा शोधायला महागडे सर्वेक्षण लागत नाही. मोरीची तोंडे, नाल्याची वळणे, दोन नाले मिळतात ते सांधे, उघडा नाला बंद पाइपात शिरतो त्या जाळ्या आणि नाल्यातून आडव्या नेलेल्या जलवाहिन्या, गाळ आणि कचरा इथेच अडकतो. प्रभागातल्या जुन्या सफाई कामगारांना त्या तोंडपाठ असतात. ती माहिती नकाशावर उतरवली पाहिजे. मोरीच्या भिंतीवर रंगाने मोजपट्टी आखली तर गाळाची उंची कुणालाही वाचता येते. मराठवाड्यात पाऊस मुख्यत: जून ते सप्टेंबर पडतो, उरलेल्या काळात पावसाळी नाला कोरडा असायला हवा. कोरडा गाळ फावड्या-घमेल्याने, फार तर जेसीबीने निघतो. जानेवारीतही नाला ओला दिसला, तर त्यात कुठून तरी सांडपाणी सोडलेले आहे हे फुकटात कळते. बंद चेंबरची गोष्ट वेगळी. 2013 च्या कायद्याने माणसाला गटारात उतरवून धोकादायक सफाई करून घेण्यास बंदी घातली आहे आणि ती पाळलीच पाहिजे. म्हणून मोजकी जेटिंग-सक्शन यंत्रे उघड्या नाल्यांवर न अडकवता बंद वाहिन्यांसाठीच राखून ठेवावीत.

यावर एक आक्षेप असा, की आता पाऊसच ढगफुटीसारखा कोसळतो, तेव्हा सफाई पुरणार नाही, नालेच मोठे करायला हवेत. मोठे नाले हवेत हे खरेच. पण मुंबईचा अनुभव आठवावा. तिथली जुनी व्यवस्था तासाला 25 मिलिमीटर पावसापुरती होती. ती दुप्पट करावी अशी शिफारस पावसाळी पाण्याच्या निचऱ्यावरच्या 1993 च्या ब्रिमस्टोवॅड अहवालात होती. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा त्यातले बरेचसे काम कागदावरच होते. इतक्या पावसापुढे कोणतीच व्यवस्था पुरली नसती. पण मोठ्या योजनेची वाट पाहण्यात दशक निघून जाते, हे त्यातून दिसले. शिवाय गाळ न काढलेला मोठा नाला काही वर्षांत लहान होतो.

दुसरा आक्षेप, लोकच नाल्यात कचरा टाकतात, मग महापालिका काय करणार? लोकांची जबाबदारी नाकारता येत नाही. पण घंटागाडी रोज ठरल्या वेळी आली तर नाल्यात पडणारा कचरा घटतो. आणि गाळात माती असते ती खोदलेल्या रस्त्यांची, बांधकामांच्या राडारोड्याची. खोदाईची आणि बांधकामाची परवानगी महापालिकाच देते. माती उचलल्याशिवाय अनामत परत न करणे तिच्या हातात आहे. काठावर टाकलेला गाळ पहिल्याच सरीत पुन्हा नाल्यात जातो, म्हणून ट्रॉली जागेवर आल्याशिवाय उपसा सुरू करू नये.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या 2010 च्या मार्गदर्शक सूचनांनी मोठ्या नाल्यांची सफाई 31 मार्चपर्यंत संपवायला सांगितले आहे. हे पाळायला नवे पैसे लागत नाहीत, आहे तो खर्च लवकर आणि विभागून करावा लागतो. ठेकेदाराचे देयकही उपसलेल्या मीटरवर न देता मोरीच्या तोंडाशी गाळाची उंची किती राहिली यावर द्यावे. गारखेड्यातल्या नागरिकांनी आपल्या प्रभागातल्या तुंबणाऱ्या जागांची यादी ऑक्टोबरमध्येच झोन कार्यालयाकडे लेखी मागावी आणि दर महिन्याला ती जागेवर जाऊन पडताळावी. मे महिन्यातली ओरड फार उशिरा होते.