गोदावरीच्या वाळवंटातील सहकुटुंब मुक्काम

चैत्र लागतो, शाळांच्या वार्षिक परीक्षा आटोपतात आणि पठारावरील गावांना पाण्याची ओढ लागते. कोकणातील मुलास समुद्र घराच्या अंगणापाशी लाभलेला असतो. नांदेड, बिलोली, धर्माबाद, भैंसा, मुधोळ या भागातील मुलास मात्र समुद्र पाहावयाचा तर रात्रंदिवस प्रवास करावा लागतो. त्याचा समुद्रकिनारा म्हणजे गोदावरीचे वाळवंट. उन्हाळ्याच्या आरंभी पाणी मागे सरते, काठ उघडा पडतो आणि शिधा, अंथरुणे, फार तर एखादी राहुटी घेऊन कुटुंबे नदीकाठी एखाददुसरा दिवस मुक्कामास येतात. या मुक्कामासाठी बासर हे ठिकाण विशेष पसंत केले जाते.

त्यास कारणही तसेच आहे. बासर येथे ज्ञानसरस्वतीचे प्रसिद्ध देवालय असून मुलाच्या हाती प्रथम पाटी देण्याचा अक्षराभ्यासाचा विधी येथे वर्षभर चालतो. वसंत पंचमीस व नवरात्रात मोठी गर्दी लोटते. सिकंदराबाद–मनमाड लोहमार्गावर गोदावरीच्या पुलालगतच बासरचे स्थानक असल्याने आगगाडीनेही सुखाने जाता येते. प्रशासकीय दृष्ट्या हे गाव २०१६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यात होते, आता ते तेलंगणातील निर्मल जिल्ह्यात आहे. तथापि मराठी माणसास ते कधीच परके वाटले नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यातच मोडत होता. त्या वर्षी मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे आंध्र प्रदेशास जोडण्यात आली आणि धर्माबादकडील भाग तत्कालीन मुंबई राज्यात आला. सीमा आखली गेली, सोयरिकी मात्र तशाच राहिल्या.

स्थळकथेप्रमाणे व्यासमुनी येथे तपास बसले असता नित्य स्नानानंतर गोदावरीतील तीन मुठी वाळू आणून ठेवीत व त्या वाळूतूनच देवीच्या मूर्ती साकारल्या. कथा श्रद्धेची आहे. परंतु ज्या वाळूशी गावाचे नाते इतके जुने, ती वाळू आज पाण्याखाली कशी पसरली आहे हे मुक्कामास येणाऱ्या पालकांना क्वचितच ठाऊक असते. दिनांक १५ जून २०२५ रोजी हैदराबादहून दर्शनास आलेल्या एका कुटुंबसमूहातील पाच तरुण येथे स्नानासाठी नदीत उतरले व बुडून मरण पावले. तो काळ महापुराचा नव्हे, उन्हाळा सरून पाऊस लागण्याचा होता. पुराच्या पाण्यास सारेच भितात. जे पाणी संथ दिसते त्याची भीती कोणास वाटत नाही, आणि घात तेथेच होतो.

बासरजवळचे पाणी हे आता केवळ वाहत्या नदीचे पाणी राहिलेले नाही. नदीच्या खालच्या अंगास पोचमपाड येथे श्रीरामसागर धरण आहे. त्याची कोनशिला २६ जुलै १९६३ रोजी पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते बसविण्यात आली. पावसाळ्यात जलाशय भरला म्हणजे त्याचा फुगवटा बासरपर्यंत येतो. पुढे रब्बीच्या पिकांसाठी कालव्यांना पाणी सुटू लागते, तसतशी जलाशयाची कड मागे सरकते व तळाची जमीन उघडी पडते. थांबलेल्या पाण्यात नदी आपला गाळ खाली टाकते. उन्हाने या गाळाचा वरचा पापुद्रा वाळून तडकतो, खालचा थर मात्र लोण्यासारखा मऊ असतो. माणसाचा पाय त्यात खोल रुततो. कमरेइतक्या पाण्यात पाय असा अडकला म्हणजे पोहणाराही गडबडतो.

वरच्या अंगास, महाराष्ट्राच्या हद्दीत, धर्माबाद तालुक्यात बाभळीचा बंधारा आहे. दोन राज्यांतील या बंधाऱ्याविषयीच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१३ रोजी निर्णय दिला. त्यानुसार १ जुलै ते २८ ऑक्टोबर या काळात बंधाऱ्याचे दरवाजे उघडे ठेवावे लागतात, आणि प्रतिवर्षी १ मार्च रोजी ०.६ अब्ज घनफूट पाणी खाली सोडावे लागते. हा आकडा लहान दिसतो, परंतु लिटरमध्ये मांडल्यास तो सुमारे १,७०० कोटी लिटर होतो. म्हणजे आकाशात ढग नसताना, ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, नदीचे पाणी वाढू शकते. समुद्राची भरती-ओहोटी दिवसातून दोनदा येते व पंचांगावरून तिची वेळ काढता येते. तरीही १ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर सहलीस आलेले चौदा विद्यार्थी बुडाले. नदीच्या पाण्याची वेळ तर पंचांगातही नसते, ती दरवाजांच्या हालचालीवर ठरते. यासाठी मार्चच्या पहिल्या आठवड्यात मुक्काम करणे टाळावे. जुलैच्या आरंभी तर पाण्याजवळ राहूच नये.

मुक्कामाची जागा निवडताना आधी काठ वाचावा. पाणी कोठवर आले होते याची खूण कोणताही काठ दाखवितो. वाळलेल्या शेवाळाची पट्टी, झुडपांना अडकलेला काडीकचरा, ओलसर काळी माती या खुणांच्या वरच राहुटी ठोकावी किंवा अंथरूण टाकावे. कोरडी पडलेली धार झोपावयास मऊ व वाऱ्यापासून आडोशाची वाटते, पण पाणी प्रथम तिच्यातच शिरते. मुक्कामापूर्वी गावात ग्रामपंचायतीकडे व घाटावरील नावाड्यांकडे चौकशी करावी. एकाच ठिकाणची नदी वर्षावर्षाला बदलते, आणि गेल्या वर्षी जेथे मुले खेळली तेथे यंदा डोह असू शकतो. ही गोष्ट नावाड्यास ठाऊक असते, पाहुण्यास नसते.

स्नानासाठी बांधलेला घाट सोडून दूर जाऊ नये. रेल्वेच्या व रस्त्याच्या पुलाखाली सावली असते म्हणून पुष्कळ कुटुंबे तिकडे वळतात. परंतु पुलाच्या खांबांना आदळून पाणी भोवरा घेते व बुडाशी वाळू कोरून काढते, त्यामुळे खांबाभोवती खड्डे पडतात. नदीत कोठेही वाळू उपसली गेली असेल तर तेथेही तसेच खड्डे राहतात. वरून पाणी सपाट दिसते, पायाखाली गुडघाभर वाळू लागते आणि पुढच्या पावलास दोन पुरुष खोल होते. म्हणून पाण्यात प्रथम पोहता येणाऱ्या प्रौढाने हाती लांब काठी घेऊन उतरावे, तळ चाचपावा व जेवढी जागा तपासली तेवढीच काठ्या रोवून आखून घ्यावी. मुलांसाठी पाण्याची सीमा त्यांच्या कमरेची धरावी, बापाच्या कमरेची नव्हे. हे सांगण्यासारखे नाही असे वाटेल, परंतु व्यवहारात बापाचे माप धरले जाते.

यापुढील गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. समजा, एखादे कुटुंब मुक्कामास आले आहे. आजी, दोन भाऊ, दोन जावा, पाच-सहा मुले. जावा चूल मांडून पिठले-भाकरीच्या तयारीस लागतात, थोरला भाऊ सामान लावतो, धाकटा दोर बांधतो, आजी जप करते. मुले पाण्यात असतात. कोणास विचारले तर प्रत्येकजण सांगेल की मुलांकडे लक्ष आहे. वस्तुतः दहा माणसांचे लक्ष आहे याचा अर्थ पुष्कळदा कोणाचेच लक्ष नाही असा होतो. यावर उपाय सोपा आहे. मुले पाण्यात असेपर्यंत एका प्रौढ माणसास केवळ राखणदार म्हणून काठावर उभे करावे. त्याने स्वयंपाक करू नये, गप्पा मारू नयेत, भ्रमणध्वनी पाहू नये, मद्य तर घेऊच नये. अर्ध्या तासाने दुसऱ्याने त्याची जागा घ्यावी, आणि नाव घेऊन घ्यावी. “आता मी आहे, तुम्ही जा” असे शब्द उच्चारल्याखेरीज पहिल्याने जागा सोडू नये.

बुडणारा माणूस ओरडतो, हात हलवितो, हा समज नाटक-सिनेमांनी रुजविलेला आहे. प्रत्यक्षात बुडणाऱ्याचे तोंड पाण्याच्या पातळीवर खालीवर होत असते. मिळेल तेवढ्या क्षणात तो श्वास घेतो, ओरडण्यास श्वास उरत नाही. हात पाण्यावर दाबले जातात, ते वर उचलता येत नाहीत. म्हणून चार हातांवर बसलेल्या आईसही आवाज येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ या एका वर्षात जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मृत्युमुखी पडली. ५ ते १४ वर्षे वयाच्या मुलांत मृत्यूच्या कारणांमध्ये बुडण्याचा क्रमांक तिसरा लागतो. देवी, गोवर, पटकी यांविरुद्ध शाळाशाळांतून लढा दिला गेला, तितके लक्ष या कारणाकडे गेलेले नाही.

एकाच कुटुंबातील अनेकजण एकदम बुडण्याच्या घटनांत बहुधा एकच क्रम आढळतो. एक घसरतो, त्यास धरावयास दुसरा धावतो, दुसऱ्यासाठी तिसरा. जिवाच्या आकांताने बुडणारा जवळ आलेल्यास मिठी मारतो आणि दोघेही खाली जातात. यास्तव पाण्यात उडी घेण्यापूर्वी हाताशी काय आहे ते पाहावे. लांब काठी, दोर, सोडलेली साडी, धोतर, तोंड घट्ट बंद केलेला पाण्याचा रिकामा डबा यांपैकी जे असेल ते फेकावे. काठावर पालथे पडून, मागून दुसऱ्याने पाय धरून, मग ओढावे. दोर बांधलेला रिकामा डबा राहुटीबरोबर न्यावा. त्यास खर्च नाही आणि वजनही नाही.

बाहेर काढलेल्या मुलास उलटे टांगणे, गरगर फिरविणे, पोट दाबून पाणी काढणे हे प्रकार खेड्यापाड्यांत अजूनही होतात. त्यांनी मौल्यवान वेळ जातो, आणि ओकारी श्वासनलिकेत जाऊन अपाय होतो. मूल श्वास घेत नसेल तर त्यास कठीण जागेवर उताणे निजवावे, हनुवटी किंचित वर करावी, नाक चिमटीत धरून तोंडाने प्रथम पाच श्वास द्यावेत. प्रतिसाद नसल्यास छातीच्या मध्यभागी तीस दाब व दोन श्वास हा क्रम चालू ठेवावा. दाब मिनिटास १०० ते १२० या गतीने व छातीच्या जाडीच्या सुमारे एकतृतीयांश खोल असावा. त्याच वेळी दुसऱ्याने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. हा क्रमांक महाराष्ट्रात व तेलंगणात सारखाच आहे. शुद्धीवर आलेल्या मुलासही रुग्णालयात नेलेच पाहिजे, कारण फुप्फुसात गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी उद्भवू शकतो.

उन्हाविषयी थोडक्यात सांगितले तरी पुरे. वाळू दुपारी पायास चटका देते, म्हणून बारा ते चार सावलीत राहावे. पाणी सकाळी व तिसऱ्या प्रहरानंतर, आणि दिवस मावळण्यापूर्वी सर्व मुले बाहेर. नदीचे पाणी न उकळता पिऊ नये. कैरीचे पन्हे चांगलेच, परंतु जुलाब वा उलट्या झाल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा चहाचे सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालून ते पाणी थोडे थोडे पाजावे. या दिवसांत अवकाळी वादळ येते, तेव्हा एकट्या झाडाखाली उभे राहू नये. रात्री झोपण्यापूर्वी अंथरूण व चपला झटकून घ्याव्यात. विंचवास कोरडी वाळू व लाकडाचा ढीग आवडतो.

सीमेपलीकडे जाणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी भाषेचीही एक अडचण आहे. काठावरील इशाऱ्याचे फलक बहुधा तेलुगूत असतात. त्यांतील ‘लोतु’ म्हणजे खोली, ‘नीळ्ळु’ म्हणजे पाणी आणि ‘दिगवद्दु’ म्हणजे उतरू नये. ‘प्रमादम्’ हा शब्द मराठी माणसास ओळखीचा वाटून फसवितो. मराठीत प्रमाद म्हणजे चूक, तेलुगूत त्याचा अर्थ धोका असा होतो. लिपी वाचता येत नसली तरी घाटावरील कोणासही विचारून घ्यावे. या भागात मराठी समजणारी माणसे पुष्कळ आहेत.

शिक्षकांना या कामी बरेच करता येण्यासारखे आहे. सहा वर्षांवरील मुलांना तरंगणे, पोहणे व पाण्यातील सुरक्षितता शिकविणे हा जागतिक आरोग्य संघटनेने सुचविलेल्या उपायांपैकी एक आहे. त्यासाठी तलाव बांधण्याची वाट पाहावी लागत नाही. सुट्टी लागण्यापूर्वीच्या एका तासात दोर बांधलेला डबा फेकून दाखविता येतो आणि मैदानावर चुन्याने नदीची कड आखून, ‘मित्र बुडतो आहे’ असे सांगून मुलांना काय कराल ते विचारता येते. पहिल्या वेळी बहुतेक मुले चुन्याची रेघ ओलांडून धावतात. त्यांना परत बोलवावे, डबा हाती द्यावा आणि पुन्हा करून घ्यावे. ग्रामपंचायतींनी घाटावर दोन्ही भाषांतील फलक, एक दोर व एक हवा भरलेली नळी एवढे ठेवले आणि सुट्टीच्या महिन्यांत एखाद्या नावाड्यास मानधनावर तेथे बसविले, तर त्याचा खर्च जत्रेच्या एका मंडपाहून कमी येईल.