तेराव्या वर्षाची रेघ

सोशल मीडियानं पोरं बिघडली, या सरसकट ओरडीतली हवा २०१९मध्येच निघाली. ऑक्सफर्डच्या एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू प्रिझिबिल्स्की यांनी साडेतीन लाखांहून अधिक किशोरांची आकडेवारी तपासली, तेव्हा मनःस्वास्थ्यातल्या फरकापैकी जेमतेम ०.४ टक्के डिजिटल वापराशी जोडता आला. पण सरासरीत वय बुजून जातं. ऑर्बेन यांच्याच २०२२च्या ब्रिटिश अभ्यासात मुलींमध्ये ११ ते १३ आणि मुलांमध्ये १४-१५ या वयात सोशल मीडियाचा वापर वाढला, की वर्षभरानं समाधान घटलेलं दिसलं. १९च्या आसपास दोघांतही पुन्हा तेच. खट्टू झालेली मुलंच फोनकडे वळतात, हा आक्षेप त्याच अभ्यासात खराही ठरतो, पण त्यानं पहिली बाजू खोडली जात नाही. घसरण दोन्हीकडून होऊ शकते.

मग खातं उघडायला १३ वर्षांची अट कुठून आली? मुलांची माहिती गोळा करण्यावर बंधन घालणाऱ्या १९९८च्या अमेरिकन कायद्यातून. मनाच्या वाढीशी तिचा संबंध नाही. तीही जन्मसाल दोन बोटं मागं सरकवलं की पार होते! ऑस्ट्रेलियानं डिसेंबर २०२५पासून ही रेघ १६वर नेली, तिला निदान वयाच्या या आकड्यांचा आधार सापडतो.