सापसुरळीचा पत्ता: तळा आणि रायगडच्या किनारपट्टीवरून

तळा तालुक्यातल्या एखाद्या वाडीत सापसुरळी मारायला वेगळे कारण लागत नाही. ती दिसली, एवढे पुरते. सरपणाच्या ढिगातून तपकिरी, तुकतुकीत अंग सरसरत बाहेर आले की आधी काठी उठते आणि ‘काय होते ते?’ हा प्रश्न मागाहून येतो. ‘सापाची मावशी’ या तिच्या दुसऱ्या नावाने या भीतीला आणखी खतपाणी घातले आहे. सापसुरळीला विष नाही. भारतात आढळणाऱ्या पाली-सरड्यांत माणसाचा जीव घेईल असे विष एकाकडेही नाही. सापसुरळी चावलीच तर ती हातात धरल्यावर, जीव वाचवण्यासाठी चावते आणि कातडीवर बारीक ओरखडा उठतो, बस्स. ज्या प्राण्याला आपण इतक्या सहज मारतो, त्याच्या किती जाती आपल्या परसात राहतात हे तरी आपल्याला ठाऊक असायला हवे.

सापसुरळ्यांचे कुळ म्हणजे सिंसिडी. जगभरात १७०० हून अधिक जाती असलेले हे सरड्यांच्या मोठ्या कुळांपैकी एक. भिंतीवरच्या पालीला पापण्या नसतात, ती डोळा जिभेने पुसते. सापसुरळीला हलणाऱ्या पापण्या असतात. सरड्याचे अंग खरखरीत, मान वेगळी दिसणारी, डोके वर-खाली करण्याची सवय. सापसुरळीची मान जवळजवळ धडाइतकीच जाड आणि अंग तेल लावल्यासारखे चकाकणारे. ही चकाकी येते एकमेकांवर बसलेल्या गुळगुळीत कडांच्या खवल्यांमुळे. प्रत्येक खवल्याखाली हाडाच्या छोट्या पट्ट्या असतात. म्हणूनच ती दगडांच्या फटीत अंग रेटू शकते आणि म्हणूनच हातात धरली की अनपेक्षितपणे कडक लागते.

आपल्या भागात सर्वांत जास्त दिसते ती युट्रोपिस कॅरिनाटा. सकाळी आठ-नऊच्या सुमाराला जांभ्याच्या गडग्यावर ऊन पोचले की ती फटीतून आधी नुसते डोके बाहेर काढते. जीभ एकदा आत-बाहेर होते. टोकाशी अगदी उथळ खाच असलेली ही जीभ वास घेण्याचे काम करते. मग पुढचे पाय, मग पूर्ण धड. दगडावर ती अंग चपटे करून पसरते, म्हणजे पोटाखालचा तापलेला जांभा आणि पाठीवरचे ऊन दोन्ही मिळतात. पाठ काशाच्या भांड्यासारखी, कुशीवर गडद पट्टा, त्या दोहोंच्या मधे डोळ्यामागून निघालेली फिकट रेघ. जवळून, शक्यतो भिंगातून पाहिले तर पाठीच्या एकेका खवल्यावर लांबीच्या दिशेने जाणारे बारीक कंगोरे दिसतात, बहुतेकदा तीन, कधी पाच, क्वचित सात. तिच्या नावातला कॅरिनाटा हा शब्द या कंगोऱ्यांवरूनच आला. पूर्ण वाढलेल्या मादीची लांबी नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत सुमारे १२ सेंटिमीटर भरते आणि शेपूट त्याहून लांब असते.

तिचे धाकटे भावंड शोभावे अशी युट्रोपिस मॅक्युलारिया बांधावरच्या गवतात आणि पातेऱ्यात फिरते. ही लहान, सडपातळ, कंगोरे जास्त, बहुधा पाच ते नऊ. इथेच ओळखीचा घोळ सुरू होतो. कॅरिनाटाचे पिल्लू आणि मॅक्युलारियाची मोठी मादी आकाराने सारखीच दिसू शकतात. रंगावर तर अजिबात विसंबू नये. विणीच्या हंगामात नरांच्या ओठांखाली आणि कुशीवर तांबूस-शेंदरी छटा चढते, पुढे उतरते. तोच प्राणी दोन महिन्यांनी वेगळा वाटतो. म्हणून अभ्यासक तीन गोष्टी मोजतात: खवल्यावरचे कंगोरे, धडाच्या मध्यावर अंगाभोवती फिरणाऱ्या खवल्यांच्या ओळी आणि डोक्यावरच्या मोठ्या खवल्यांची मांडणी. चौथी खूण खालच्या पापणीची. काही सापसुरळ्यांच्या खालच्या पापणीत पारदर्शक चकती असते, त्यामुळे पापणी मिटूनही त्यांना दिसते. काहींची पापणी खवल्यांनी भरलेली असते. कॅरिनाटा आणि मॅक्युलारिया दुसऱ्या गटातल्या.

या नावांचा इतिहासही उद्बोधक आहे. कॅरिनाटाचे वर्णन जर्मन अभ्यासक श्नायडर यांनी १८०१ मध्ये केले. मॅक्युलारियाचे वर्णन कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयात काम करणाऱ्या एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५३ मध्ये केले आणि त्यांच्यासमोरचा नमुना बंगालातला होता. त्यानंतर माल्कम स्मिथ यांनी १९३५ मध्ये भारतातील सरड्यांवरचा आपला ग्रंथ लिहिला, तेव्हा या साऱ्या सापसुरळ्या मॅबुया या प्रजातीत होत्या. २००२ मध्ये अभ्यासकांनी मॅबुयाचे तुकडे केले, मॅबुया हे नाव अमेरिका खंडातल्या जातींसाठी राहिले आणि आशियातल्या जाती युट्रोपिसमध्ये गेल्या. जुनी पुस्तके वापरणाऱ्याने हा बदल ध्यानात ठेवला नाही तर एकाच प्राण्याच्या दोन नोंदी होतात.

पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अनिरुद्ध दत्ता-रॉय, प्रवीण कारंथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये आशियाई युट्रोपिसचा वंशवृक्ष जनुकांवरून मांडला. या प्रजातीचे पूर्वज आग्नेय आशियातून भारतात आले आणि इथे त्यांच्या अनेक जाती फुटल्या, असे त्यातून दिसले. मॅक्युलारिया या एका नावाखाली एकाहून अधिक जाती दडल्या असाव्यात, असेही या प्रकारच्या कामातून पुढे आले आहे. रायगडच्या बांधावरची सापसुरळी बंगालातल्या प्राण्याचे नाव वागवते आहे; ते नाव तिच्याकडे कायम राहील याची खात्री धरू नये.

गडग्यावर ऊन खाणाऱ्या या सापसुरळ्यांपेक्षा मला दुसरा गट जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण मार खातो तो हाच. रायोपा प्रजातीच्या सापसुरळ्या अंगाने लांबट, पाय इवलेसे. पळताना त्या पाय अंगाला चिकटवून वळवळत जातात, आणि मग साप म्हणून त्यांच्यावर काठी पडते. या दोन्ही गटांतला फरक पटकन सांगायचा तर पायांवरून सांगावा. पुढचा पाय मागे आणि मागचा पाय पुढे असे अंगालगत ताणले असता युट्रोपिसचे पाय एकमेकांना भिडतात. रायोपाच्या पायांत बरेच अंतर उरते.

रायोपा पंक्टाटा हिचे नाव थेट लिनियसपर्यंत, १७५८ पर्यंत जाते. तिच्या प्रत्येक खवल्यावरचा काळा ठिपका पुढच्या ठिपक्याशी जुळून पाठीवर ठिपक्यांच्या रेघा तयार होतात आणि पिल्लांची शेपूट लालभडक असते. ही शेपूट शत्रूची नजर डोक्यापासून दूर नेते. पकडली की ती तुटते, कारण शेपटीच्या मणक्यांतच तुटण्याच्या जागा ठरलेल्या असतात. तुटलेला तुकडा बराच वेळ उड्या मारत राहतो, भारद्वाज किंवा मांजर त्याच्याकडे बघत राहते आणि सापसुरळी निसटते. नवी शेपूट येते, पण तिच्यात मणके नसतात, कूर्चेचा दांडा असतो. शेपटीत साठवलेली चरबीही गेलेली असते, म्हणून मौजेखातर शेपूट तोडणाऱ्या मुलांना अडवायला हवे. याच प्रजातीतल्या रायोपा गुंथेरी आणि रायोपा लिनिआटा याही पश्चिम भारतातल्या. गुंथेरी जाडजूड, लिनिआटा बारीक आणि रेघांची. पूर्वी या सगळ्या लायगोसोमा या नावाखाली असत. २०१९ मधल्या फेरमांडणीने भारतातल्या या जाती पुन्हा रायोपात आणल्या.

रायोपाशी गफलत होते ती वाळ्याची, खापरखवल्याची आणि देवगांडुळाची. वाळा आणि खापरखवल्या दोन्ही साप, बिनविषारी. त्यांना ना हलणाऱ्या पापण्या, ना कानाचे छिद्र, ना पाय. देवगांडूळ तर उभयचर, बेडकाच्या नात्यातले. त्याच्या ओल्या अंगावर वळ्या असतात. सापसुरळीच्या डोक्याच्या बाजूला कानाचे छिद्र असते. ती शांत असेल तर ते दिसते.

आता पत्ता. तळा तालुक्याची रचना अशी की एका दिवसाच्या चालीत उंच डोंगर, भाताची खाचरे आणि खाडीचे पाणी तिन्ही भेटतात. तळगड हा १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांकडे राहिलेल्या १२ किल्ल्यांपैकी एक. त्याच्या चढावरच्या दगडी उतारांना आणि ढासळलेल्या बुरुजांच्या चिऱ्यांना फटी भरपूर. अशी जागा कॅरिनाटाची. उतारावरच्या साग-ऐनाच्या झाडीत पातेरा जाड साठतो, तिथे मॅक्युलारिया आणि रायोपा शोधाव्यात. शेजारच्या मुरूड तालुक्यातल्या फणसाड अभयारण्यात, जे १९८६ मध्ये जाहीर झाले, अशी झाडी अजून दाट आहे. पुढे मांदाड खाडीच्या काठाला कुडा येथील २६ बौद्ध लेणी आहेत. लेण्यांसमोरच्या कातळात सकाळी ऊन आणि दुपारी सावली, दोन्ही हाताशी. थंड रक्ताच्या प्राण्याला यापरते काय हवे? खाजणाच्या खाऱ्या चिखलात मात्र सापसुरळ्या राहत नाहीत. त्या बंधाऱ्याच्या कोरड्या माथ्यावर, गवताच्या कडेने दिसतात.

घराजवळचे पत्ते आणखी नेमके. परसातला उकिरडा, पेंढ्याची उडवी, नारळीच्या आळ्यातला झावळ्यांचा ढीग, जोत्याची फट. उकिरड्यात उबारा असतो, किड्यांची रेलचेल असते, म्हणून रायोपा तिथे जमतात. जूनच्या पहिल्या जोराच्या पावसात बिळात पाणी शिरले की त्याच पडवीत येतात. घरातली भीती वाढते ती नेमकी याच आठवड्यांत. झाडूने पुठ्ठ्यावर घेऊन वाडीत सोडून द्यावी, एवढेच करायचे.

महाराष्ट्राचा विचार करता दोन जाती नाव घेऊन सांगाव्या लागतात. गडचिरोलीतल्या आलापल्लीच्या नावाची युट्रोपिस अल्लापल्लीएन्सिस, कार्ल श्मिट यांनी १९२६ मध्ये वर्णिलेली. आणि पुण्याच्या नावाची युरिलेपिस पूनाएन्सिस, आर. सी. शर्मा यांनी १९७० मध्ये युमेसिस या प्रजातीत वर्णिलेली. पुण्याच्या या सापसुरळीची भावंडे वायव्येकडच्या कोरड्या प्रदेशांत, राजस्थानापासून मध्य आशियापर्यंत पसरलेली आहेत. वाढत्या शहराच्या कडेला तिचे टिकून राहणे हा चिंतेचा विषय आहे. महाराष्ट्राबाहेर पाहिले तर ओडिशाच्या चिल्का सरोवरातल्या बरकुडा बेटावरून नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी १९१७ मध्ये वर्णिलेली बार्कुडिया तर बिनपायांची. कच्छ आणि राजस्थानच्या वाळूत पोहत जाणारी ओफिओमोरस वेगळीच. या साऱ्या एकाच कुळातल्या.

आपल्याकडे सापसुरळ्यांवर संकट कोणते? काठीने मरतात त्यापेक्षा जास्त नुकसान त्यांच्या जागा जाण्याने होते, असे मी म्हणेन. कोरड्या रचाईचा गडगा पाडून त्या जागी सिमेंटची भिंत उभी राहिली की एका झटक्यात शेकडो फटी बुजतात. राब भाजणे जुने आहे आणि शेतकऱ्याची अडचण मला कळते. पण राबासाठी पातेरा ओढून नेताना कुंपणाकडेचा पट्टा तसाच ठेवला तर पीक कमी होत नाही. डोंगराला लागणारा वणवा मात्र कुणाच्याच कामाचा नाही. उंदरांसाठी ठेवलेले चिकट पुठ्ठे हे नवे संकट. त्यावर चिकटलेली सापसुरळी ओढून काढू नये, कातडी फाटते. खोबरेल किंवा गोडे तेल थेंबथेंब सोडले की गोंद सुटतो, मग कपड्याने अंग पुसून सोडावी.

नोंद ठेवायची तर पकडायची गरज नाही. तीन फोटो पुरेत: डोके वरून, डोळा व कान बाजूने, आणि पाठीचा मधला भाग कंगोरे दिसतील इतक्या जवळून. सोबत तारीख, वेळ, गाव, आणि ती नेमकी कुठे होती: गडग्यावर, पातेऱ्यात की उकिरड्यात. कंगोरे दिसत नसतील तर ‘युट्रोपिस’ एवढेच लिहून थांबावे, जातीचे नाव ठोकून देऊ नये. आयनॅचरलिस्टसारख्या ठिकाणी अशी अर्धी नोंदही कामाची ठरते. नावे उद्या बदलली तरी जागा आणि फोटो बदलत नाहीत. पावसाळ्यात दगड किंवा ओंडका उलटून पाहणाऱ्याने तो होता तसाच, त्याच खाचेत परत ठेवावा, कारण खाली पांढरी लांबट अंडी असू शकतात आणि ती उघड्यावर लवकर सुकतात.