इंग्रजी बोलण्यांतील अहो-जाहो

आपल्या समाजांत इंग्रजी शिकणें ही गोष्ट आतां नवी राहिलेली नाहीं. पणजोबा तर्खडकरांची भाषांतर-पाठमाला घोकून मॅट्रिक झाले, आजोबांनीं कचेरींत इंग्रजी मसुदे लिहिण्यांत हयात घालविली, आणि नातवंडें तर बालवर्गापासून त्याच भाषेंत वाढत आहेत. असें असूनहि विलायतेंत गेल्यावर आपल्यापैकीं चांगल्या शिकलेल्या माणसाचें बोलणें ऐकून समोरच्याच्या कपाळावर एखादी बारीक आठी उमटते. वाक्यांत व्याकरणाची चूक नसते, उच्चारहि बरा असतो. मग आठी कां पडली हें बोलणाऱ्यास उमजत नाहीं. मुलगा अगर मुलगी तिकडे नोकरीस, आणि आईवडील नातवंडासाठीं सहा महिने त्यांच्या घरीं, हा प्रकार हल्लीं पुष्कळ कुटुंबांत आहे. शेजारीण, दुकानदार, नातवाची शिक्षिका, डॉक्टर यांच्याशीं बोलण्याचा प्रसंग तेथें रोज येतो. तेव्हां हा विषय केवळ भाषापंडितांचा नव्हे, घरचाच आहे.

या आठीचें मूळ मराठी क्रियापदांत आहे. आपल्या भाषेंत आदर क्रियापदाच्या पोटांतच असतो. ‘पाणी दे’, ‘पाणी द्या’, ‘पाणी देतां का’, ‘पाणी द्यावें’ एवढ्या पायऱ्या आपण विचार न करतां चढतों-उतरतों. त्यामुळें ‘कृपया’ हा शब्द आपल्याकडे पाट्यांवर व छापील पत्रांत राहिला. जेवतांना कोणी ‘वहिनी, कृपया मीठ वाढा’ असें म्हणाला तर भावोजी रागावले आहेत कीं काय असें वहिनींस वाटेल. इंग्रजी ‘गिव्ह’ला मात्र या पायऱ्या नाहींत. आपला माणूस मनांत ‘द्या’ म्हणतो आणि तोंडानें ‘गिव्ह मी वॉटर’ म्हणतो. ‘द्या’मधील आदर वाटेंतच सांडतो, आणि ऐकणाऱ्याच्या कानीं नुसता ‘दे’ पडतो.

पूर्वीं इंग्रजींतहि तूं व तुम्ही होतें. ‘दाउ’ हें सलगीचें किंवा खालच्या माणसासाठीं, ‘यू’ हें मानाचें. सतराव्या शतकांत नेहमींच्या बोलण्यांतून ‘दाउ’ मागें पडत गेलें. त्याच काळांत सर्व माणसें सारखीं असें मानणारे क्वेकर पंथाचे लोक न्यायाधीशासहि हट्टानें ‘दाउ’ म्हणत, आणि त्याबद्दल त्यांनीं लोकांचा मारहि खाल्ला. शेवटीं सर्वत्र ‘यू’च उरलें. म्हणजे इंग्रजींत अहो-जाहो नाहीं असें आपण म्हणतों, पण काटेकोरपणें पाहतां तेथें सर्वांनाच ‘अहो’ आहे, घरच्या कुत्र्यालासुद्धां! सर्वांनाच ‘अहो’ झाल्यावर ‘अहो’ची किंमत गेली, आणि अदबीला राहावयास दुसरें घर शोधावें लागलें. तें घर म्हणजे ‘प्लीज’, ‘कुड यू’, ‘वुड यू माइंड’, ‘आय वॉज वंडरिंग इफ’ हीं वाक्यांचीं तोंडें. आपण त्यांना पोकळ उपचार समजतों, हाच घोटाळा आहे. ‘प्लीज’ हें आपल्या ‘कृपया’चें भाषांतर नसून ‘द्या’मधील काना आहे.

एकदां हें ध्यानांत आलें म्हणजे पुष्कळ कोडीं आपोआप सुटतात. विनंती जितकी आडवळणानें जाईल तितकी ती अदबीची. म्हणून आतांच विचारावयाचें असतांहि इंग्रज भूतकाळ वापरून ‘आय वॉन्टेड टु आस्क’ म्हणतो. शाळामास्तर यावर लाल रेघ ओढतील. परंतु आपणहि कोणाच्या दारांत उभे राहून ‘जरा एक विचारायचं होतं’ असेंच म्हणतों, ‘विचारायचं आहे’ असें क्वचितच. ‘वुड यू माइंड ओपनिंग द विंडो’ या प्रश्नांत विचारलेलें असतें तें ‘आपली हरकत आहे का’ एवढेंच. तेव्हां ‘नॉट ॲट ऑल’ म्हणून खिडकी उघडावी. आपला गृहस्थ मोठ्या उत्साहानें ‘येस’ म्हणून उठतो, आणि हरकतहि आहे व खिडकीहि उघडतो आहे असा चमत्कार घडतो. (हल्लीं नुसतें ‘शुअर’ म्हटलें तरी चालतें.) ‘आय ॲम अफ्रेड’ यांत भीति कोठेंच नाहीं, अप्रिय गोष्ट सांगण्यापूर्वीं केलेली ती खाकरणी आहे. टेलिफोनवर ‘कोण बोलतंय?’ हा आपला साधा प्रश्न. त्याचा ‘हू आर यू?’ झाला कीं पोलिसी जबानी होते. तेथें ‘हूज कॉलिंग, प्लीज?’ असें विचारावें. उलट ‘शुभनाम’ शब्दावरून आपण केलेलें ‘व्हॉट इज युवर गुड नेम?’ हें वाक्य इंग्रजास चमत्कारिक वाटलें तरी त्याची लाज बाळगण्याचें मला कांहींच कारण दिसत नाहीं. त्यांत अदब आहे. फक्त ती आपल्या घरची आहे.

‘थँक यू’चा प्रश्न याहून नाजूक, कारण तो थेट स्वयंपाकघरांत शिरतो. आपल्याकडे आभार मानावयाचे ते सभेच्या शेवटीं, व्यासपीठावरून. सासूबाईंनीं केलेल्या चहाबद्दल तिकडेच जन्मलेली सून दर वेळीं ‘थँक यू’ म्हणते, आणि सासूबाईंना वाटतें, ही मला परकी समजते. सून चहा करून देते, सासूबाई कप घेऊन प्रेमानें तिच्याकडे पाहतात, पण बोलत कांहींच नाहींत; आणि सुनेला वाटतें, माझ्या कष्टांची यांना पर्वा नाहीं. दोघीहि आपापल्या भाषेंत अगदीं बिनचूक वागत असतात. अशा घरांत महिनेच्या महिने अबोला धरला गेल्याचें ऐकिवांत आहे. मला विचाराल तर येथें वडील माणसांनीं थोडें पुढें व्हावें. ज्या भाषेंत सून लहानाची मोठी झाली तिच्यांत मौनाला मायेचा अर्थ नाहीं, आणि दोन अक्षरांना कांहीं खर्च येत नाहीं.

भेटीच्या व निरोपाच्या वाक्यांत आपल्याला खरें तर अडचण पडूं नये. ब्रिटनमधील शेजारीण कुंपणापलीकडून ‘यू ऑल राइट?’ म्हणते, आणि आपल्या काकू आपला चेहरा उतरलेला दिसतो कीं काय या शंकेनें गुडघेदुखीची कथा आरंभितात. पण रस्त्यांत भेटलेल्या माणसास आपणहि ‘काय, कसं काय?’ म्हणतोंच, आणि ‘बरं आहे’ यापलीकडे उत्तर आलें तर घड्याळाकडे पाहतों. जुन्या पद्धतीच्या ‘हाउ डू यू डू’ला उत्तर म्हणून तोच प्रश्न परत करीत, त्यांतलेंच हें. ‘जातों’ न म्हणतां ‘येतों’ म्हणण्यांत आपण अशुभ टाळतों. ‘गुड-बाय’ हेंहि ‘देव तुमच्याबरोबर असो’ या अर्थाच्या इंग्रजी वाक्याचें झिजलेलें रूप आहे, मात्र त्यांतला देव आतां कोणास ऐकूं येत नाहीं. ‘यू मस्ट कम टु डिनर सम टाइम’ हें ‘या एकदां घरीं’ यासारखेंच. वार व वेळ ठरेपर्यंत तें आमंत्रण नव्हे. उत्तर इंग्लंडांत मात्र कोणी ‘टी’ला बोलाविलें तर घरून जेवून जाऊं नये. तेथें पुष्कळ घरीं संध्याकाळच्या जेवणालाच ‘टी’ म्हणतात.

इंग्रजांची कमी बोलण्याची खोड ही सर्वांत फसवी. ‘नॉट बॅड’ म्हणजे चांगलें, कधीं कधीं फारच चांगलें. ‘क्वाइट गुड’ म्हणजे इंग्रजाच्या तोंडीं बहुधा ‘ठीक, बरें आहे’, तर अमेरिकनाच्या तोंडीं ‘खूपच चांगलें’. या खोडीचें एक भयंकर उदाहरण कोरियाच्या युद्धांतलें सांगतात. एप्रिल १९५१ मध्यें इमजिन नदीकांठीं ग्लॉस्टरशायर रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीला तिच्या अनेकपट मोठ्या चिनी सैन्यानें वेढलें होतें. त्या वेळीं ब्रिटिश ब्रिगेडियर ब्रॉडी यांनीं वरिष्ठ अमेरिकन जनरल सोल यांना कळविलें, ‘परिस्थिति जरा चिकट आहे’. मूळ शब्द ‘अ बिट स्टिकी’. इंग्रजाच्या कानाला याचा अर्थ ‘आम्ही बुडतों आहोंत’ असा होतो. अमेरिकन सेनापतीनें तो अक्षरशः घेतला, त्रास आहे पण निभेल असें मानलें, आणि माघारीचा हुकूम वेळेवर सुटला नाहीं. पलटणींतले बहुतेक सर्वजण मारले गेले किंवा कैद झाले. निसटले ते थोडेसेच. एका शब्दानें पलटण गेली असें म्हणणें इतिहासास धरून होणार नाहीं. परंतु दोन्ही सेनापतींची मातृभाषा इंग्रजीच होती, हें येथें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

शाळेंत ज्यांना वाक्प्रचार म्हणून पाठ करवितात त्यांविषयीं फार लिहावयास नको. ‘कॅट्स अँड डॉग्ज’ पाऊस आपल्या मुलांच्या निबंधांत जितका पडतो तितका इंग्रजांच्या बोलण्यांत पडत नाहीं; ते साधें ‘इट्स पोअरिंग’ म्हणतात. असे वाक्प्रचार ऐकून समजले पाहिजेत, पण परक्यानें ते जपून वापरावे. एखादा फ्रेंच गृहस्थ उठतां-बसतां ‘आपला हात जगन्नाथ’ म्हणूं लागला तर आपल्याला जें वाटेल तेंच त्यांना वाटतें.

एके ठिकाणीं मात्र हे वाक्प्रचार समजलेच पाहिजेत, आणि तें ठिकाण म्हणजे डॉक्टराची खोली. ब्रिटनमधील डॉक्टर ‘पॉप युवर शर्ट ऑफ’ म्हणाला तर फोडावयाचें कांहीं नसतें, सदरा काढावयाचा असतो. ‘हाउ आर द वॉटरवर्क्स?’ हा प्रश्न नळाच्या पाण्याविषयीं नसून लघवी नीट होते कीं नाहीं याविषयीं आहे. ‘बॉवल्स’ म्हणजे शौचाची चौकशी. संकोची वृद्ध स्त्रिया न समजतां मान डोलावितात, आणि नेमकी सांगावयाची गोष्ट राहून जाते. आणखी एक खबरदारी घ्यावी. मुलानें ‘हाउ आर यू?’ला ‘फाइन, थँक यू’ म्हणण्यास शिकविलेलें असतें, आणि आजी तेंच उत्तर डॉक्टरासहि देऊन मोकळ्या होतात. रस्त्यावर तो प्रश्न म्हणजे नमस्कार असतो, डॉक्टराच्या खुर्चीसमोर तो खरोखरीचा प्रश्न असतो. तेथें गुडघ्याची सारी कथा सांगावी, दुखतें तें ‘अ बिट’ न म्हणतां किती दुखतें तें सांगावें, आणि लवकर सांगावें. कारण भेट बहुधा दहाएक मिनिटांचीच असते.