द्राक्षवेलीची छाटणी दोनदा कशासाठी?

ऑक्टोबरात आपण कराडहून तासगावकडे निघालो, की बागांमध्ये अख्खी कुटुंबे द्राक्षाच्या छाटणीत गुंतलेली दिसतात. याच वेलींची एक छाटणी एप्रिलमध्येही झालेली असते. फ्रान्समध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाइन करणाऱ्या कुटुंबांच्या बागांत मात्र वर्षाला एकच मुख्य छाटणी असते. असे का?

तिथल्या कडक हिवाळ्यात वेलीची पाने गळतात व ती सुप्तावस्थेत जाते. तेव्हा तिला छाटतात आणि सप्टेंबरच्या सुमारास घड उतरवतात. आपल्याकडे तेवढी थंडी नसल्याने वेल वाढतच राहते. तिचे वर्षाचे चक्र छाटणीनेच लावून द्यावे लागते. एप्रिलच्या ‘खरड छाटणी’नंतर नव्या काड्या येतात. त्यांच्या डोळ्यांत मे-जूनच्या भरपूर उजेडात सूक्ष्म घड तयार होतात. ऑक्टोबरच्या ‘गोडी छाटणी’नंतर तेच बाहेर पडतात. म्हणूनच त्या दिवसांत आभाळ सतत भरलेले राहिले, तर ऑक्टोबरात डोळे फुटतात, पण घड थोडे निघतात. कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न असे कित्येक महिने आधीच पणाला लागते.

गोडी छाटणीआधी काडीवरचा एक डोळा उभा चिरून विद्यार्थ्यांना सूक्ष्मदर्शकाखाली अवश्य दाखवावा.