पत्र टाईप झालं, म्हणजे काम संपलं?

ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, वृद्धांच्या ओपीडीत मेडिकल सेक्रेटरी असते. डॉक्टरांनी सांगायचं आणि तिनं टाईप करायचं, एवढंच तिचं काम, असा सर्वसाधारण समज आहे. आता बोललेलं आपोआप लिहून काढणारं सॉफ्टवेअर आलं, तेव्हा ही नोकरी फार दिवसांची नाही, असंही पुष्कळांना वाटतं. दोन्ही समजांच्या मुळाशी चूक एकच आहे. पत्र हा उपचार उरकल्यावरचा कागद आहे, असं त्यात धरून चाललेलं असतं. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत पत्र उपचाराचाच भाग असतं, आणि ते पोचलं नाही तर उपचारही पोचत नाही.

याचं कारण वृद्धोपचाराच्या घडणीतच आहे. 1935 मध्ये लंडनच्या वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात डॉ. मार्जरी वॉरन यांच्याकडे शेजारच्या वर्कहाउस इन्फर्मरीतले, म्हणजे निराधार गरिबांच्या आश्रयगृहाच्या दवाखान्यातले, सातशेहून अधिक रुग्ण सोपवण्यात आले. म्हातारपणच आहे, असं म्हणून अंथरुणावर पडून राहिलेली ही माणसं. वॉरन यांनी एकेकाला नीट तपासलं, वर्गवारी केली, उठवलं, चालवलं. त्यातले कित्येक घरी गेले. तेव्हापासून या शाखेत एका अवयवाकडे पाहून भागत नाही. औषधं, चाल, नजर, स्मरणशक्ती, घरातले जिने, स्वयंपाक कोण करतं, सगळं विचारात घ्यावं लागतं. आता पडण्याचंच उदाहरण घ्या. 65 वर्षांवरच्या लोकांपैकी सुमारे एक तृतीयांश आणि 80 वर्षांवरचे निम्मे लोक वर्षातून एकदा तरी पडतात. अशा रुग्णाला पाहून डॉक्टर ठरवतात की रक्तदाबाची एक गोळी बंद करायची, हाडांची घनता मोजायची, डोळे तपासायचे, फिजिओथेरपी सुरू करायची. निर्णय एका खोलीत होतो, पण ती कामं चार वेगवेगळ्या टेबलांवर जायची असतात. गोळी बंद करणारे घरचे डॉक्टर, म्हणजे जीपी, त्या खोलीत नसतात. त्यांना कळतं ते पत्रातूनच. म्हणूनच इंग्लंडमध्ये एनएचएसच्या प्रमाणित करारानुसार, जीपींनी काही करायचं असेल तर 2018 पासून ओपीडीचं पत्र 7 दिवसांत गेलं पाहिजे.

सॉफ्टवेअरचा मुद्दा मात्र टाळण्यासारखा नाही. टायपिंग कमी होणार आहे, आणि ते व्हावंच. पण यंत्र ऐकलेलं लिहितं. पत्रात वर डावा गुडघा आणि खाली उजवा असेल, मागच्या पत्रात बंद केलेली गोळी या पत्राच्या यादीत पुन्हा दिसत असेल, तर कुणाला तरी ते खटकायला हवं. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध मायक्रोग्रॅममध्ये देतात. 125 मायक्रोग्रॅमचे 125 मिलिग्रॅम झाले, तर डोस हजारपट होतो. सेक्रेटरीला वैद्यकीय पदवी लागत नाही आणि तिनं औषध स्वतःहून दुरुस्तही करायचं नसतं. सही होण्याआधी थांबून विचारायचं असतं. एखाद्या तपासणीचा निकाल अजून का आला नाही, पुढची तारीख खरंच पडली का, याचा पाठपुरावाही बहुधा तिच्याच हातून होतो.

आणखी एक गैरसमज जास्त दुखावणारा आहे: ही बाई डॉक्टरांपर्यंत पोचू देत नाही. मुलगा फोन करतो, वडिलांचा रिपोर्ट विचारतो, ती सांगत नाही. पोटच्या पोरालाही का सांगू नये, असा आपल्याला प्रश्न पडतो, आणि त्यातली कळकळ खरी असते. पण इंग्लंडच्या कायद्यात जवळचा नातेवाईक म्हणून कुणालाही प्रौढ रुग्णाची माहिती मिळवण्याचा आपोआप हक्क मिळत नाही. त्यासाठी सहसा रुग्णाची संमती लागते. किंवा निर्णय घेण्याची त्याची क्षमता गेल्यावर, त्यानं आधी करून ठेवलेलं आरोग्यविषयक मुखत्यारपत्र. वय झालं म्हणून गुप्ततेचा हक्क कमी होत नाही, आणि मला ते योग्यच वाटतं. मात्र नातेवाइकांचं ऐकून घेण्यानं गुप्तता भंगत नाही. वडील रात्री घराबाहेर पडतात, हे मुलानं सांगितलं तर ते टिपून डॉक्टरांपुढे ठेवता येतं. मुलांनीही रिपोर्ट मागण्याआधी आपल्याला काय दिसतंय ते सांगावं.

तारखेला न आलेला रुग्ण बेफिकीर, हा समज तर वृद्धांच्या ओपीडीत धोक्याचाच आहे. विसरभोळेपणाच्या तपासणीसाठी बोलावलेला माणूस तारीख विसरला, तर तो आजाराचाच पुरावा नाही का? कधी रुग्णवाहिका आलेली नसते, कधी माणूस दुसऱ्या रुग्णालयात भरती असतो. नाव कापण्याआधी केलेला एक फोन इथे उपयोगी पडतो.

हे सगळं मान्य केलं तरी, पैसा कमी असताना तो नर्स-डॉक्टरांवर खर्चावा, असा आक्षेप उरतो. 2004 मध्ये आलेल्या एनएचएसच्या वेतनरचनेत मेडिकल सेक्रेटरी सहसा चौथ्या बँडमध्ये, म्हणजे वेतनश्रेणीत, असते, नवी नर्स पाचव्यात, सल्लागार डॉक्टर त्या रचनेच्या बाहेर आणि कितीतरी वर. सेक्रेटरी काढली की फोन, तारखा, हरवलेले निकाल डॉक्टर आणि नर्सच्याच टेबलावर येतात, म्हणजे तेच काम महागात पडतं आणि तपासायचा वेळ त्यात जातो.

पत्रही आता बदलतं आहे. 2018 मध्ये ब्रिटनमधल्या वैद्यकीय रॉयल कॉलेजांच्या अकादमीनं डॉक्टरांना सुचवलं, की ओपीडीचं पत्र थेट रुग्णाला उद्देशून, साध्या भाषेत लिहा आणि त्याची प्रत जीपींना पाठवा. 2016 पासून इंग्लंडमध्ये, अपंगत्वामुळे किंवा नजर-श्रवण अधू झाल्यामुळे कुणाला माहिती वेगळ्या रूपात लागत असेल, तर तशी नोंद ठेवून ती पुरवणं बंधनकारक आहे. ज्या आजींची मधली नजर गेली आहे त्यांचं पत्र मोठ्या टायपात निघावं लागतं, आणि पुढच्या प्रत्येक वेळी तसंच निघावं म्हणून ती खूण त्यांच्या नोंदीत आधी कुणीतरी केलेली असावी लागते.