मूठ समोरच्याकडे

पावणेआठ

डिसेंबरातली वर्ध्याकडची सकाळ बोटं आखडून टाकते. फाटकाचं कुलूप निघेपर्यंत दोनदा हातांवर फुंकर घालावी लागली. मुलं साडेआठला येतात, तोवर बाग माझी एकटीची. बाग म्हणजे शाळेमागचे आठ वाफे, एक लिंबू, एक कढीपत्ता, कुंपणावर चढवलेला वाल आणि कोपऱ्यात शेणखताचा खड्डा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात पायातली चप्पल ओढून घेते, थंडीत मात्र समजुतीनं वागते.

खुरपी मोजली. बारा. झाऱ्या चार. मुलं सव्वीस, पहिली-दुसरीची. गेल्या वर्षी एका पालकांनी आणखी दहा झाऱ्या देऊ केल्या होत्या, मी नको म्हटलं. त्यांना वाटलं, ताई संकोचतात. संकोच कसला? प्रत्येकाच्या हातात झारी आली की भांडण संपलं, आणि भांडण संपलं की माझ्याजवळ शिकवायला काय उरणार?

साडेआठ

प्रार्थना, हजेरी, नखं. रोजचंच.

नऊ

आधी खुरप्यांचं वाटप. इथे एकच नियम आहे आणि तो मी वर्षभर सांगते : खुरपं देताना मूठ समोरच्याकडे, पातं आपल्याकडे. सहा वर्षांच्या हाताला हे सोपं नसतं. आपण मुठीनं धरलेली वस्तू मुठीनंच पुढे करावी असं हाताला वाटतं, मग पातं समोरच्याच्या पोटाशी जातं. मूठ पुढे करायची तर थांबावं लागतं, खुरपं जमिनीवर ठेवावं लागतं, पात्याच्या बोथट पाठीकडून दोन बोटांनी उचलावं लागतं. या सगळ्यात चार-पाच सेकंद जातात. जूनमध्ये आलेली मुलं खुरपं भिरकावत. आता बहुतेकांना जमतं. कात्रीच्या वेळी मात्र हीच मुलं सगळं विसरतात. खुरप्याचं शहाणपण कात्रीपर्यंत आपोआप पोचत नाही.

आज निंदण आणि मुळ्याची विरळणी. निंदताना एका मुलीनं हरळीची जुडी वर धरली. “ताई, ह्या तं दूर्वा आहे. गणपतीच्या. फेकू नका.” तिचं खरंच होतं. गणपतीपुढची दूर्वा आणि वावरात शिरली की शेतकऱ्याला रडवणारी हरळी, गवत एकच. जुडी धुऊन खिडकीत ठेवली, उरलेली उपटून टाकली. तण कोणाला म्हणायचं, हा प्रश्न मी फळ्यावर कधीच मांडू शकले नसते.

साडेनऊ

विरळणीचं थोडं सविस्तर सांगते, कारण माझी खरी परीक्षा तिथे असते. मुलं बी पेरत नाहीत, ओततात. पंधरा दिवसांपूर्वी मुळा पेरला तेव्हा एकेका खळग्यात चिमूटभर बी गेलं. आता रोपं एकमेकांच्या उरावर उभी आहेत. दोन रोपांत चार बोटं जागा हवी, नाहीतर खाली मुळा धरत नाही, नुसता पाला वाढतो. म्हणजे बाकीची उपटायची. चांगली, हिरवी, काही गुन्हा न केलेली.

पहिल्या वर्षी मी खोटं बोलले होते. “आपण यांना मारत नाही, दुसऱ्या घरी नेतोय,” असं म्हणून उपटलेली रोपं शेजारच्या वाफ्यात लावली. मुळ्याला जागा बदललेली सोसत नाही. काही आडवी झाली, काहींची मुळं दुभंगून वेडीवाकडी झाली. आठवड्यानं एका पोरानं माझा हात धरून त्या वाफ्याशी नेलं आणि काही न बोलता नुसतं बोट दाखवलं.

आज दुसरीतल्या एकानं रोप उपटलं, तळहातावर ठेवलं, पांढऱ्या दोऱ्यासारखं मूळ निरखलं आणि विचारलं, “ताई, हे मेलं का आता?”

“हो.”

“मंग काहून उपटता जी?”

“शेजारच्याला जागा नाही म्हणून. आपण जास्त पेरलं म्हणून.”

“मंग चूक आपली हाये.”

“हो, आपलीच.”

त्याने मान डोलावली आणि पुढचं रोप उपटलं, आधीच्यापेक्षा हळू. अहिंसा म्हणजे काहीच मरत नाही, असं मुलांना सांगणाऱ्याने बाग करू नये, पाटीवर फुलं काढावीत. बागेत रोज काहीतरी मरतं. वालावरचा मावा लेडीबर्डची पिल्लं खातात, आणि ती पिल्लं इवल्या मगरीसारखी दिसत असल्यानं मुलं मगरींच्या बाजूने असतात. किती मारलं, कशासाठी मारलं, मारल्याशिवाय भागलं असतं का, एवढं विचारायची सवय लागली तरी मला चालेल.

सव्वादहा

कढीपत्त्याशी गलका. गेले तर सातजण एका फांदीवर वाकलेले. पानावर अळी. लहान असते तेव्हा ती हुबेहूब पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, पांढरट-तपकिरी, म्हणून कोणाचं लक्ष जात नाही. ही मोठी झालेली, हिरवीगार, करंगळीएवढी. एकानं काडी टोचली. अळीनं डोकं मागे घेतलं आणि डोक्यामागून नारिंगी, दोन टोकांचं शिंग बाहेर काढलं. ओलं, चमकणारं. उग्र वास सुटला, सगळे दोन पावलं मागे. क्षणभरानं शिंग आत.

“तिले राग आला.”

“पुन्हा कर ना रे!”

“नको, वास येते.”

एकाचा मामा कारंज्याकडे, संत्र्याची बाग राखतो. तो म्हणाला, मामाच्या झाडांवर हीच असते, सगळी नवी पालवी खाते. बरोबर. लिंबू, संत्रं, कढीपत्ता हे हिचं अन्न, आणि पुढे हिचं पिवळ्या-काळ्या ठिपक्यांचं फुलपाखरू होतं. तेवढ्यात कपाशीवाल्या घरचा एक पुढे आला : “आमच्या घरी औषध आहे ना ताई. एका पंपात साऱ्या मरते.”

याला काय सांगायचं? त्याचे वडील चूक करतात, असं मी म्हणणार नाही. बोंडअळीनं बोंड पोखरलं की घरात काय होतं हे त्या मुलाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण 2017 च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारता फवारता विषबाधा होऊन वीसेक शेतकरी-शेतमजूर गेले, ते मी विसरलेले नाही. एवढंच म्हटलं, “ते औषध माणसालाही लागतं. शाळेत आणायचं नाही. बाबा फवारून आले की आंघोळीआधी त्यांच्या गळ्यात पडायचं नाही.” तो गप्प झाला. मग पंचायत भरली. ठराव : डावीकडची खालची फांदी अळ्यांची, बाकीचं झाड वरणाचं. दुसरीकडे सापडली की उचलून डाव्या फांदीवर. फांदीला लाल चिंधी बांधली.

अकरा

झारीवरून झालंच. आमच्यात एक चावरी आहे. जूनपासून चौघांना चावली. आज झारी ओढताना समोरच्यानं सोडली नाही, तेव्हा तिने दोन बोटं कपाळावर धरून शिंगं काढली आणि डोळे वटारले. मी लांबून बघत होते, छाती फुगली. समोरचा हसला. मग ती चावली.

मातीवर रेघा ओढल्या : तू दहा रोपं, मग ती दहा. चावलेल्या हाताला पाणी. तिला रागावले नाही, पण हळद तिनेच लावायची. त्यानेही लावून घेतली, तोंड फिरवून.

साडेअकरा

खिचडी, आणि उपटलेल्या कोवळ्या मुळ्याची मूगडाळ घालून भाजी. मावशींनी मिरची जरा जास्त घातली. “हे मेलं का” विचारणारा ताटाकडे बघत बसला होता. आता हा उपाशी राहणार, असं मला वाटलं. त्याने दोनदा भाजी घेतली.

साडेबारा

पाहुणे. सेवाग्राम बघायला आलेल्यांना कोणीतरी आमची शाळा सुचवतं. आज पुण्याचे चौघं. “शांततेचा तास कितीला असतो?” या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. मी त्यांना खताचा खड्डा दाखवते. मग ते बापूंविषयी विचारतात आणि मी सांगते : 1937 च्या ऑक्टोबरात वर्ध्यात परिषद भरली, तिथून नई तालीम निघाली, हाताच्या कामातून शिक्षण. झाकीर हुसेन समितीने अभ्यासक्रम केला, सेवाग्रामात आशादेवी आणि आर्यनायकम् यांनी तो वर्षानुवर्षं चालवून दाखवला. सूत आणि शेती, दोन्ही. सुताचे फोटो सगळ्यांना ठाऊक असतात, शेण कोणी आठवत नाही.

मला स्वतःला तिकडे कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी चालवलेली कुरणशाळा जास्त जवळची वाटते. मुलं गुरांमागे जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची. मुलाच्या हातात जे काम आहे तिथून सुरुवात. पाहुण्यांना हे लांबलेलं वाटलं असावं. एकीनं विचारलं, “मुलं भांडत नाहीत ना?” तेवढ्यात चावरी तिथून पळत गेली. मी म्हटलं, “भांडतात की.”

दोन

गणित वाफ्यावर. ओळीत किती, ओळी किती. मुळे चोरीला जाऊ नयेत म्हणून एकानं जास्तच मोजले.

अडीच

मुलं गेली. खुरपी मोजली : अकरा. पाणी ओढलं, खतावर पालापाचोळा पसरला, पुन्हा मोजली : अकराच. शोधत शोधत कढीपत्त्यापाशी आले. बारावं तिथे जमिनीत उभं रोवलेलं, मूठ वर. शेजारी, लाल चिंधीच्या फांदीखाली, कोवळ्या पानांचा छोटा ढीग. पानं डाव्या फांदीची नव्हती. वरणाच्या बाजूची तोडून आणलेली होती. कोणीतरी अळीला जेवायला वाढून गेलं होतं. अळी मात्र ढिगाकडे ढुंकूनही न बघता वरच्या पानाची कड कुरतडत होती.

उद्या पुन्हा पंचायत बसवावी लागणार.